स्टुलाचा आवाज

आकाशवाणीच्या एका केंद्रावर मी ३१ वर्षे निवेदिका म्हणून काम केले. त्या कामात आवाजाबरोबर शांततेचाही हिशेब ठेवावा लागतो. एखादी टेप वेळेवर सुरू झाली नाही, पुढचा वक्ता स्टुडिओच्या जड दाराशीच अडखळला, किंवा क्यू शीटवरची एखादी ओळ नजरेतून निसटली, की प्रक्षेपणात पोकळी पडे, आणि ती पाच-सात सेकंदांची झाली तरी ड्यूटी रूममधून फोन येई. त्यामुळे सतारीचा नाहीतर बासरीचा एखादा तुकडा फिलर म्हणून कायम तयार ठेवायचा आणि काही बिघडले की लगेच फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, वर करायचा, ही सवय बोटांत इतकी मुरली की घरीसुद्धा चार माणसे गप्प बसली तर मला चैन पडेनासे होई आणि मीच काहीतरी बोलायला लागे.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी लेकीने तिच्या फोनवर मला एक चित्रफीत दाखवली. अमेरिकेत कोनन ओब्रायन ह्यांचा रात्रीचा गप्पांचा कार्यक्रम होता, त्यातला हा तुकडा. आखूड केसांची, सडपातळ, चेहऱ्यावर कसलाच भाव नसलेली एक बाई रंगमंचावर उभी आहे आणि तिच्याजवळ एक साधे स्टूल आहे. विनोद सांगता सांगता ती ते स्टूल थोडे सरकवते. स्टूल किंचाळते. ती थांबते, लोकांकडे बघते आणि पुन्हा सरकवते. मग बोलणे जवळपास सोडूनच देऊन ती ते स्टूल रंगमंचभर ढकलत फिरते, कधी लांब ओढते, कधी नुसताच एक छोटा धक्का देते, आणि प्रत्येक किंचाळीनंतर तितक्याच शांतपणे वाट पाहते. प्रेक्षक आधी चुळबुळतात, मग हसतात, मग थोडे कंटाळतात, आणि त्या कंटाळ्याच्याही पलीकडे गेल्यावर इतके हसतात की त्यांना आवरता येत नाही. मी मात्र हसले नाही. राष्ट्रीय वाहिनीवरची एवढी मोलाची मिनिटे ही बाई रिकामी सोडते आहे आणि कोणीही फेडर वर करत नाही, ह्या विचाराने माझे तळहात ओले झाले होते. लेक माझ्याकडे बघत होती. “आई, बघ, ती घाबरत नाही,” एवढेच ती म्हणाली.

त्या बाईचे नाव टिग नोटारो. त्यानंतर मी तिचे मिळेल ते ऐकले आणि पाहिले, सुरुवातीला लेकीसाठी आणि पुढे माझ्या स्वतःच्या गरजेपोटी.

तिचा जन्म २४ मार्च १९७१ चा, मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सनचा. ‘टिग’ हे भावाने लहानपणी ठेवलेले लाडाचे नाव, तेच पुढे कायम राहिले. बालपणाचा काही काळ पास ख्रिश्चन ह्या मेक्सिकोच्या आखातावरच्या छोट्या गावात गेला आणि पुढचा टेक्ससमध्ये. (त्या गावाचे नाव तिथले लोक शेवटच्या अक्षरावर जोर देऊन ‘क्रिस्टिअ‍ॅन’ असे उच्चारतात. उच्चारांचे एवढे मनावर घेणे हा माझ्या जुन्या नोकरीचा भाग आहे.) शाळेत तिचे मन रमले नाही, इयत्ता पुन्हा पुन्हा कराव्या लागल्या आणि अखेर तिने शाळा सोडली. डेन्व्हरमध्ये ती संगीताच्या व्यवसायात, बँडची कामे पाहत होती. तिथून लॉस एंजेलिसला आल्यावर, १९९० च्या दशकाच्या शेवटी, ती पहिल्यांदा मायक्रोफोनसमोर उभी राहिली. पुढची दहा-बारा वर्षे म्हणजे छोटे क्लब, लांबचे प्रवास, दूरचित्रवाणीवरची काही मिनिटे. २०११ साली तिचा पहिला ध्वनिसंग्रह आला. एव्हाना तिच्या व्यवसायातली माणसे तिला फार मानत होती, बाहेर मात्र ती फारशी कोणाला ठाऊक नव्हती.

ह्या सगळ्या काळात तिने आपण समलिंगी असल्याची गोष्ट लपवली नाही आणि तिची दवंडीही पिटली नाही. एखाद्या किश्श्यात मैत्रिणीचा, म्हणजे प्रेयसीचा उल्लेख येतो, तो दुसऱ्या कोणाच्या बोलण्यात नवऱ्याचा यावा तसाच, आणि ती पुढे जाते. मला हे विशेष वाटले, कारण तिच्या आधीच्या पिढीला एवढी सहजता परवडणारी नव्हती. एलेन डीजेनेरस ह्यांचे उदाहरण समोर आहे. त्यांचा जन्म १९५८ चा, न्यू ऑर्लिन्सच्या शेजारच्या मेटरीचा, पास ख्रिश्चनपासून फारसा लांब नाही. १९८६ साली जॉनी कार्सन ह्यांच्या कार्यक्रमात त्यांनी विनोद सादर केले आणि कार्सन ह्यांनी त्यांना बोलावून शेजारच्या कोचावर बसवले. पहिल्याच हजेरीत हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री विनोदकार मानल्या जातात. पुढे त्यांची स्वतःची मालिका सुरू झाली, आणि ३० एप्रिल १९९७ च्या भागात त्यांच्या पात्राने आपण समलिंगी असल्याचे सांगितले. त्याच महिन्यात ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांनी स्वतःविषयीही तेच सांगितले होते. मालिकेतला तो प्रसंग विमानतळावरचा आहे. एलेनचे पात्र समोरच्या बाईला ती गोष्ट सांगू पाहते, शब्द ओठांशी येऊन परत फिरतात, आणि शेवटी ती पुढे झुकून बोलते तेव्हा समोरचा मायक्रोफोन चालू असतो, त्यामुळे ते वाक्य सगळ्या विमानतळभर घुमते.

आयुष्यभर उद्घोषणा केलेल्या बाईला हा प्रसंग किती लागला असेल, ते सांगणे अवघड आहे. ४ कोटींहून अधिक लोकांनी तो भाग पाहिला. वर्षभरात मालिका बंद झाली, त्यानंतर कित्येक महिने एलेनना धड काम नव्हते, आणि त्या दृश्यात समोर उभ्या असलेल्या लॉरा डर्न ह्या अभिनेत्रीने आपल्यालाही वर्षभराहून अधिक काळ काम मिळाले नाही असे पुढे सांगितले आहे. एलेन २००३ साली दुपारच्या गप्पांचा कार्यक्रम घेऊन परतल्या आणि तो २०२२ पर्यंत चालला. त्याच्या शेवटच्या वर्षांत तिथल्या कर्मचाऱ्यांना मिळालेल्या वागणुकीबद्दल तक्रारी झाल्या आणि एलेनना जाहीर माफी मागावी लागली, हेही त्यांच्या कारकिर्दीत मोडते. पण १९९७ च्या त्या एका वाक्याचे मोल त्यामुळे कमी होत नाही, असे मला वाटते. त्यांनी ते मोजले म्हणून टिगला तेच वाक्य पुढे न थांबता, ओघात म्हणता आले.

आता २०१२ साल. मार्चमध्ये टिगला न्यूमोनिया झाला आणि त्यामागोमाग आतड्यांचा एक जीवघेणा संसर्ग, ज्यात अन्न अंगी लागेनासे होते. रुग्णालयातून बाहेर पडून आठवडा होतो न होतो तोच टेक्ससमध्ये तिची आई पडली, डोक्याला मार लागला आणि ती गेली. मग प्रेयसीशी असलेले नाते तुटले. जुलैअखेर दोन्ही स्तनांत कर्करोग असल्याचे निदान झाले. हे सगळे चार महिन्यांत. निदानानंतर अवघ्या काही दिवसांनी, ३ ऑगस्टला, लॉस एंजेलिसमधल्या ‘लार्गो’ ह्या छोट्या नाट्यगृहात तिचा आधीच ठरलेला प्रयोग होता. हा कदाचित आपला शेवटचाच प्रयोग असेल, असे तिच्या मनात होते.

ती आली, टाळ्या झाल्या, आणि नेहमीच्या ‘नमस्कार, कसे आहात’ च्याच सुरात तिने सांगितले की मला कॅन्सर आहे. त्या रात्रीचे फक्त ध्वनिमुद्रण आहे, चित्र नाही, आणि म्हणूनच माझ्यासारखीला ते जास्त दिसते. सुरुवातीला मोठा हशा आहे, कारण लोकांना ही विनोदाची सुरुवात वाटते. ती तेच पुन्हा म्हणते. हशा विरळ होतो, त्यात जागोजागी भोके पडतात. कोणीतरी अजून हसते आहे, कोणीतरी हसायचे थांबले आहे, आणि कोणीतरी श्वास आत ओढल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. श्रोत्यांच्या समूहाला एखादी गोष्ट माणसामाणसाने कळत जाते, त्याचा असा आवाज मी ३१ वर्षांत कधी ऐकला नव्हता. आणि ह्या बाईला घाई नाही. ती प्रत्येक वाक्यानंतर थांबते आणि लोकांना त्या जागी उभे राहू देते. पुढच्या रांगेतल्या कोणाला तरी फार त्रास होतो आहे हे तिच्या लक्षात येते, तेव्हा ती त्याला धीर देते, सगळे ठीक होईल म्हणते, आणि क्षणभराने सांगते की तुमचे ठीक होईल, माझे काय होईल ते मला ठाऊक नाही.

आपल्याकडे म्हणतात, देव झेपेल तेवढेच देतो. तिकडेही तसेच म्हणतात. ह्या वाक्यावर ती त्या रात्री एक छोटे नाट्यच उभे करते, ज्यात देव तिच्या यादीत आणखी एक संकट घालतो, देवदूत घाबरून हे जरा जास्तच होते आहे असे म्हणतात, आणि देव मात्र तिला अजून झेपेल ह्या मतावर ठाम राहतो. यजमान गेल्यावर हे वाक्य मला किती जणांनी ऐकवले असेल त्याची गणती नाही. सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण टिगचा तो तुकडा ऐकताना मी रडले आणि हसले, आणि त्या वाक्याने इतकी वर्षे छातीवर ठेवलेला धोंडा जरा हलला.

तिची आई गेल्यावर रुग्णालयाने त्या मृत आईच्याच नावे एक प्रश्नावली पाठवली होती, आमच्याकडचा तुमचा मुक्काम कसा झाला म्हणून. टिग त्यातले प्रश्न एकेक करून वाचते. ह्या भागाशी मी ध्वनिमुद्रण थांबवले होते, कारण २०१७ साली यजमानांच्या बाराव्याला, घरात पंगत बसलेली असताना, त्यांच्या मोबाइलवर संदेश आला होता की आमच्या सेवेला आपण पाचपैकी किती गुण द्याल. मी तो मोबाइल तांदळाच्या डब्यामागे ठेवून दिला आणि कोणालाही काही बोलले नाही. तिकडे समुद्रापार एका बाईने तसाच कागद खिशात घालून रंगमंचावर नेला, लोकांसमोर वाचला, आणि प्रत्येक प्रश्नानंतर आईच्या वतीने थोडा वेळ थांबली.

प्रयोगाच्या शेवटाकडे ती विचारते की आता मी नेहमीचे साधे विनोद सांगू का. प्रेक्षकांतून नको, नको असा आवाज उठतो, आणि एक जण ओरडून सांगतो की हे जे चालले आहे ते विलक्षण आहे. तरीही ती एक जुना विनोद सांगतेच, महामार्गावर वाहने इतकी तुंबली होती की एक मधमाशी तिच्या गाडीला मागे टाकून गेली, एवढाच. नेहमी हलकासा हशा मिळवणारा हा विनोद त्या रात्री सभागृहाने ज्या कृतज्ञतेने उचलून धरला, त्याचे कारण मला असे वाटते की त्यांना बाहेर पडण्याचे दार तिने स्वतः उघडून दिले, आणि तेही आत पुरेसा वेळ बसवून घेतल्यानंतर.

ते अर्ध्या तासाचे ध्वनिमुद्रण ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे नाव इंग्रजी चार अक्षरांचे आहे आणि इंग्रजीत नुसते वाचून ‘लाइव्ह’ म्हणायचे की ‘लिव्ह’ हे कळत नाही. तिला अभिप्रेत आहे ‘लिव्ह’, म्हणजे ‘जगत राहा’. देवनागरीत लिहिताना आपल्याला दोहोंपैकी एक निवडावेच लागते, आणि हे नाव लिहिताना ‘लिव्ह’ निवडण्यात मला फार बरे वाटते. ह्या ध्वनिसंग्रहाला पुढे ग्रॅमीचे नामांकन मिळाले.

ह्या प्रसिद्धीत लुई सी. के. ह्या विनोदकाराचा मोठा वाटा होता. तो त्या रात्री तिथे होता, दुसऱ्या दिवशी त्याने ट्विटरवर तिची अपार स्तुती केली आणि आपल्या संकेतस्थळावरून ५ डॉलरला ते ध्वनिमुद्रण विकायला ठेवले. पुढे त्याच्या स्त्रियांशी असलेल्या गैरवर्तनाची कुजबुज वाढली, तेव्हा टिगने २०१७ च्या ऑगस्टमध्ये एका मुलाखतीत त्याने ह्या आरोपांना सामोरे जावे असे जाहीरपणे म्हटले. त्याच वर्षी आलेल्या तिच्या ‘वन मिसिसिपी’ ह्या मालिकेच्या दुसऱ्या पर्वात कामाच्या ठिकाणच्या अशाच प्रसंगाचे कथानक होते, आणि मालिकेच्या कार्यकारी निर्मात्यांत त्याचे नाव होते. नोव्हेंबरमध्ये त्याने आरोप खरे असल्याचे मान्य केले. ज्याचे उपकार झाले त्याच्याविषयी खरे बोलणे आपल्याकडे कृतघ्नपणा समजला जातो, आणि बायका त्यामुळेच जन्मभर गप्प राहतात. मी ह्याही शांततेचा भाग राहिले आहे. तिने ती शांतता पाळली नाही ह्याचा मला आदर वाटतो.

आता घरची गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यामुळेच मी हे सगळे इतक्या जवळून ऐकले.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ व्या कलमाविषयीचा, ते संबंध गुन्हा नाहीत असे सांगणारा निकाल दिला, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात गणपती बसले. लेक बेंगळुरूहून आली होती. आम्ही दोघी स्वयंपाकघरात उकडीचे मोदक वळत बसलो होतो, ती पारी करत होती आणि मी सारण भरत होते. पारीच्या कडेला कळ्या पाडता पाडता ती म्हणाली, “आई, मला मुली आवडतात. पहिल्यापासून. मी एका मुलीबरोबर राहते.” एवढे बोलून ती थांबली, हातातली पारी तशीच तळहातावर. तिने ती जागा माझ्यासाठी मोकळी ठेवली होती हे मला आज कळते. त्या वेळी मला फक्त पोकळी ऐकू आली आणि माझा हात फेडरकडे गेला. मी म्हणाले, “पारी सुकतेय बघ, पाण्याचं बोट लाव.” आणि मग मी बोलतच राहिले, पिठी ह्या वर्षी कशी चिकट निघाली, गूळ कसा काळा आला, शेजारच्या वहिनी उकडीत तेल जास्त घालतात, असे काय काय. २१ मोदक होईपर्यंत मी थांबले नाही. लेकीने सगळे मोदक नीट वळले, चाळणीत केळीच्या पानावर लावले, हात धुतले आणि बाहेर आरतीची तयारी करायला गेली. मी तिला रागावले नव्हते, रडले नव्हते, टाकून बोलले नव्हते, म्हणून कितीतरी दिवस मला वाटत होते की आपण चांगलेच वागलो.

त्यानंतर तीन वर्षे ती फोनवर हवापाण्याचे बोलत राहिली, आणि मग एका सुट्टीत तिने मला ती स्टुलाची चित्रफीत दाखवली.

टिगच्या सावत्र वडिलांची एक हकीकत तिने वारंवार सांगितली आहे. ते शिस्तीचे, हिशेबी गृहस्थ. विनोद करत फिरण्यात ही वेळ वाया घालवते आहे, हिने व्यवस्थापनाचे शिक्षण घ्यावे, असे त्यांचे मत होते आणि त्यांनी ते तिला ऐकवलेही होते. पुढे त्यांनी तिची क्षमा मागितली. आपण कोण आहोत हे आईवडिलांना शिकवणे हे मुलाचे काम नसते, मूल कोण आहे हे जाणून घेणे आईवडिलांचे काम असते आणि ते मी केले नाही, अशा अर्थाचे ते बोलले. मी हे ऐकले त्या रात्री लेकीला फोन केला. काय बोलायचे ते ठरवले नव्हते. मी विचारले, “तुमची ओळख कशी झाली गं?” पलीकडून बराच वेळ काही आले नाही. रस्त्यावरची एक रिक्षा ऐकू आली, कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मी खिडकीचे गज धरून उभी होते. मग ती हळूहळू सांगू लागली, आणि आम्ही दोन तास बोललो.

शस्त्रक्रियेत टिगचे दोन्ही स्तन काढले आणि तिने कृत्रिम स्तन बसवून घेतले नाहीत. लहान छातीवर ती पूर्वीपासून विनोद करत असे, आणि लार्गोच्या रात्री तिने सांगितले होते की ते विनोद त्या दोन्ही स्तनांनी ऐकले असावेत आणि त्यांनी सूड घ्यायचे ठरवले. नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये प्रयोग चालू असताना तिने आधी जाकीट आणि मग सदरा काढला आणि व्रणांसह उघड्या अंगाने ती पुढचे विनोद सांगत राहिली. ऑगस्ट २०१५ मध्ये एचबीओ ह्या वाहिनीवर आलेल्या प्रयोगातही हे आहे, आणि मी पाहिले ते तेच. मला वाटले होते की मला बघवणार नाही. पहिली दोन मिनिटे मी फक्त व्रण पाहिले. नंतर ती काय सांगते आहे ते ऐकू लागले, मग हसले, आणि मध्येच कधीतरी तिच्या अंगात कपडा नाही हे मी विसरूनच गेले. ती त्या शरीराविषयी भाषण करत नाही, सहानुभूती मागत नाही, विनोद सांगणाऱ्या बाईने जे करायचे ते करत राहते, आणि बघणाऱ्याला सवय होईपर्यंत धीराने वेळ देते.

तिची कारकीर्द त्यानंतर अनेक दिशांनी पसरली. आठवणींचे पुस्तक, ‘स्टार ट्रेक’ मधली अभियंत्याची भूमिका, २०२१ साली संपूर्ण अ‍ॅनिमेशनमधून साकारलेला एक प्रयोग. २०२३ पासून फॉर्च्यून फीमस्टर आणि मे मार्टिन ह्या दोन विनोदकारांबरोबर ती ‘हँडसम’ नावाचा ध्वनिकार्यक्रम करते आहे. हिवाळ्यात मटार सोलताना मी तो लावते, आणि त्या तिघांच्या गप्पांत कोणी कोणावर प्रेम करावे हा विषयच नसतो, घरातली कामे, जुने मित्र, प्रवासातल्या फजित्या असतात. रेडिओवर आम्ही बायकांचा दुपारचा कार्यक्रम करायचो तसेच काहीसे ते वाटते.

मला मात्र २०१८ च्या तिच्या प्रयोगातला शेवट सगळ्यांत प्रिय आहे. इंडिगो गर्ल्स ही एमी रे आणि एमिली सॅलियर्स ह्या दोन समलिंगी गायिकांची प्रसिद्ध जोडी. टिग प्रेक्षकांना सांगते की त्या पडद्यामागे आल्या आहेत आणि आता गाणार आहेत. मग ती त्यांच्या नावाची घोषणा करते, आणि कोणी येत नाही. ती पुन्हा घोषणा करते. पुन्हा कोणी नाही. हे इतका वेळ चालते की प्रेक्षकांची खात्रीच पटते की हा सगळा विनोदच आहे, त्या आलेल्याच नाहीत. आणि सगळ्यांनी आशा सोडल्यावर त्या दोघी गिटारी घेऊन खरोखरच येतात आणि गातात. उद्घोषणा झाली आणि वक्ता आलाच नाही, ह्याचे स्वप्न पडून मी कित्येकदा दचकून उठले आहे. इथे एक बाई तीच गोष्ट मुद्दाम घडवते आणि तिच्या शेवटी गाणे ठेवते.

२६ जून २०१५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला देशभर मान्यता दिली. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला टिगने अभिनेत्री स्टेफनी अ‍ॅलिनशी लग्न केले, आणि ते पास ख्रिश्चनला. २००५ च्या कतरिना वादळात जवळपास वाहून गेलेले ते गाव, जिथे तिच्या आईकडची माणसे राहत आली. पुढच्या वर्षी त्यांना जुळे मुलगे झाले. आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. त्या दिवशी लेक आणि तिची जोडीदार दोघीही कामावर गेल्या आणि संध्याकाळी दोघींनी मिळून मला फोन केला. मी काही समजावले नाही. आम्ही तिघी थोडा वेळ नुसत्याच फोनवर होतो.

२०२५ साली टिग एका माहितीपटाची निर्माती म्हणून पुढे आली. अँड्रिया गिब्सन हे कोलोराडोचे कवी, तिचे जुने स्नेही, कर्करोगाने आजारी होते, आणि ते आणि त्यांची पत्नी ह्यांच्या अखेरच्या काळाचे ते चित्रण आहे. सनडान्स महोत्सवात त्याला प्रेक्षकांच्या पसंतीचा मोठा पुरस्कार मिळाला. गिब्सन त्याच वर्षी १४ जुलैला गेले. जिने स्वतःच्या कर्करोगाची बातमी एका छोट्या नाट्यगृहात उभी राहून सांगितली, ती तेरा वर्षांनी मित्राच्या अंथरुणाशी बसायला गेली, ह्याचे मला आश्चर्य वाटले नाही.

गेल्या दिवाळीत दोघी आल्या होत्या. जोडीदार बेळगावची, मला काकू म्हणते आणि चहात आले माझ्यापेक्षा जास्त घालते. चकलीचा सोऱ्या माळ्यावर होता, तो काढायला तिने गॅलरीतले लाकडी स्टूल आत ओढले. फरशीवरून ते असे काही किंचाळले की मी आणि लेक एकदमच वळून बघितले. तिच्या ते ध्यानात आले. तिने आमच्याकडे अगदी कोऱ्या चेहऱ्याने पाहिले, थोडी थांबली, आणि स्टूल आणखी एक वीतभर सरकवले. मग पुन्हा थांबली. असे करत करत ती ते ओट्यापासून देवघरापर्यंत आणि देवघरापासून परत ओट्यापर्यंत घेऊन गेली, कढईतले तेल तापत राहिले, आणि आम्ही दोघी भिंतीला टेकून, डोळे पुसत, पुढच्या किंचाळीची वाट बघत उभ्या होतो.